लिबव्हर्ट : लिनक्स सर्व्हरवरील दोषनिवारण

लिनक्स सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) तयार करणे, चालू-बंद करणे, त्यांना डिस्क व नेटवर्क जोडून देणे ही कामे पाहणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरमधील बिघाड शोधून दूर करण्याची पद्धती. झेन, एलएक्ससी इत्यादी आभासीकरण प्रणालींसाठीही लिबव्हर्ट वापरता येते. येथे मुख्यतः केव्हीएम (लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, आभासीकरणाची सोय) व क्यूएमू (मशीनचे हार्डवेअर आभासी रूपात पुरवणारा प्रोग्राम) या जोडीचा विचार केला आहे.

लिबव्हर्टचा आरंभ सामान्यतः २००५ च्या अखेरीस धरतात. रेड हॅटमधील डॅनिएल व्हेयार यांनी ते प्रथम झेनसाठी लिहायला घेतले. फाब्रिस बेलार यांचे क्यूएमू त्याआधीचे. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या आवृत्तीपासून, लिनक्स कर्नलचा भाग झाले.

केव्हीएमच्या वर्गीकरणाबद्दल मतभेद आहेत. रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हायपरवायझरचे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) दोन प्रकार मांडले : थेट हार्डवेअरवर चालणारा पहिला आणि होस्ट (मूळ संगणकाच्या) ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने चालणारा दुसरा. केव्हीएम कर्नलमध्येच असल्याने लिनक्स स्वतःच पहिल्या प्रकारचा हायपरवायझर बनतो, असे एक मत आहे. प्रत्येक गेस्ट (व्हर्च्युअल मशीन) ही होस्टवरची एक क्यूएमू प्रक्रियाच असते, म्हणून तो दुसऱ्या प्रकारात जातो, असे दुसरे. दोषनिवारणापुरते दुसरे मत अधिक उपयोगी पडते. कारण या प्रक्रियेला इतर प्रक्रियांप्रमाणेच युजर, परवानग्या आणि मेमरीच्या मर्यादा लागू होतात. होस्टची मेमरी संपली तर कर्नलचा ओओएम किलर (मेमरी मोकळी करण्यासाठी प्रक्रिया बंद करणारी यंत्रणा) तिला मारू शकतो. अशा वेळी गेस्टच्या आतल्या लॉगमध्ये कारण सापडत नाही, ते होस्टच्या कर्नल लॉगमध्येच शोधावे लागते. याच रचनेमुळे लिबव्हर्टचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केला तरी चालू गेस्ट सहसा थांबत नाहीत.

परवानगीचे दोष सर्वांत फसवे. समजा, डिस्क इमेज कोणाच्या तरी होम डिरेक्टरीत ठेवली आहे. गेस्ट सुरू करताना लिबव्हर्ट त्या फाइलची मालकी आपणहून क्यूएमूच्या युजरकडे देते, पण वरच्या डिरेक्टरींना हात लावत नाही. फाइल तपासली तर सारे ठीक दिसते आणि तरीही ‘परमिशन डिनाइड’ येते. मार्गातील एकेका डिरेक्टरीवर त्या युजरला प्रवेशाची परवानगी आहे का, हे पाहिल्याशिवाय गाठ सुटत नाही. याखेरीज रेड हॅट परिवारात एसईलिनक्स या प्रवेशनियंत्रण यंत्रणेवर आधारलेली एसव्हर्ट ही व्यवस्था प्रत्येक गेस्टला व त्याच्या इमेजला वेगळे लेबल देते. उबुंटूत हे काम ॲपआर्मर करते. एसईलिनक्स क्षणभर शिथिल करून पाहणे निदानासाठी चालते, उपाय म्हणून नव्हे.

व्हर्श या लिबव्हर्टच्या कमांड-साधनाबाबतची ‘मशीन चालू आहे, पण व्हर्शच्या यादीत नाही’ ही तक्रार बहुधा बिघाडाची नसतेच. साध्या युजरने व्हर्श चालवल्यास ते सहसा त्याच्या स्वतःच्या सेशनला जोडले जाते. रूटने (प्रशासक युजरने) सुरू केलेले गेस्ट सिस्टिमच्या जोडणीत असतात. जोडणीचा पत्ता स्पष्ट दिला की ते दिसतात.

प्रत्येक गेस्टचा स्वतंत्र लॉग लिबव्हर्टच्या लॉग डिरेक्टरीतील क्यूएमू या उपडिरेक्टरीत असतो. क्यूएमू कोणत्या कमांडने सुरू झाले ती पूर्ण ओळ व क्यूएमूचे त्रुटिसंदेश तेथे मिळतात. डीमनच्या नोंदी जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) पाहाव्यात. जुन्या मार्गदर्शिका लिबव्हर्टडी या एकाच डीमनचा उल्लेख करतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ पासून त्याची कामे मूलतः वेगवेगळ्या डीमनमध्ये विभागलेली असून क्यूएमूच्या गेस्टसाठी व्हर्टक्यूएमूडी तपासावा लागतो.

आभासीकरणासाठीचा हार्डवेअरचा पाठिंबा बायोसमध्ये बंद असल्यास व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट ही तपासणीची कमांड ते दाखवते. नेटवर्कबाबत, १९२.१६८.१२२.० हे मूळ आभासी नेटवर्क सुरू नसल्यास त्यावर अवलंबून असलेले गेस्ट सुरूच होत नाहीत. त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) असल्यास त्याचे फायरवॉल नियम ब्रिजवरील (आभासी स्विचवरील) गेस्टची वाहतूक अडवू शकतात.