तक्त्यातल्या खुणा आल्या कुठून?

दापोलीपासून देवगडपर्यंत कुठल्याही अंगणवाडीत माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं, की वजनाच्या आलेखासोबत विकासाचे टप्पे दिसतात: मान धरतं, आधाराशिवाय बसतं, बोट धरून चालतं. सेविका विचारते, आई सांगते, खूण होते, पान उलटतं. हे टप्पे कुणाच्या मुलांवर आणि कोणत्या पद्धतीने ठरले हे माहीत नसेल, तर मूल मागे पडलंय की विचारण्यातच चूक झाली, हे कळायला मार्ग राहत नाही.

सुरुवात घरच्या वहीतून झाली. डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि १८७७मध्ये छापल्या. १८८२मध्ये जर्मनीत प्रायर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा असाच, पण जास्त शिस्तीचा ग्रंथ आला. यातली अडचण उघड होती. मूल एकच, पाहणारा बापच, आणि बापाला कौतुकाचं तेवढं आधी दिसणार. मग मोजणीचे दिवस आले. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी ३० कामांची बुद्धिमापन श्रेणी केली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कानडी रूपांतर करताना इथल्या मुलांवर प्रश्न पुन्हा तपासून घेतले. नुसत्या भाषांतरावर भागवलं असतं तर प्रश्नांची काठिण्यपातळी बिघडली असती.

कार्डावरच्या टप्प्यांचं मूळ मात्र मुख्यतः गेसेल या अमेरिकन बालविकास-अभ्यासकाकडे जातं. येल विद्यापीठात त्याने एकतर्फी काचेमागून मुलांचं चित्रीकरण केलं आणि कोणत्या वयात काय येतं याची कोष्टकं मांडली. विकास आतूनच, ठरल्या क्रमाने उलगडतो, असं तो मानत असे. त्यामुळे घर, खाणं, कडेवर असण्याचे तास या गोष्टी त्याच्या कोष्टकात जवळपास नाहीतच. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अर्भक-विकास श्रेणीवरून भारतीय अर्भकांसाठी मापन तयार केलं. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या या श्रेणीत ६७ कारक (म्हणजे हालचालींच्या) आणि १६३ मानसिक बाबी आहेत. इथे हमखास होणारी चूक वयाची. ३४व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून सहा आठवडे वजा करायचे असतात, आणि ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायची असते. ती राहिली की धडधाकट मूल 'उशिराचं' ठरतं. झोपेला आलेल्या किंवा भुकेल्या बाळाची चाचणी तर घेऊच नये.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने प्रश्नच फिरवला. पॅरिसमध्ये तयार चाचण्या मुलांवर घेताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकांमधला सारखेपणा खुणावू लागला. त्याचा गाजलेला प्रयोग पडवीतही करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं कोकम सरबत ओता आणि ते सारखं आहे, हे मुलाकडून वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा: आता सारखं आहे, की एकात जास्त? उत्तर काहीही येवो, 'कशावरून?' हे विचारायचंच. पाच वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवतं.

मेख प्रश्नातच आहे. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की मुलाला वाटतं, आपलं आधीचं चुकलं. १९७४मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी ओतल्यानंतर एकदाच विचारून पाहिलं, तर चुका कमी झाल्या. त्याआधी, १९६९मध्ये, मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा लवकर उमगतं, असं दिसलं होतं. मासळी बाजारात आईशेजारी बसून वाटे लागताना पाहणाऱ्या मुलाला हा प्रयोग सरबताऐवजी मासळीच्या वाट्यांवर द्यायला हवा. वाटा पसरला म्हणून बांगडे वाढत नाहीत, हे त्याच्या रोजच्या नजरेतलं आहे.

पियाजेच्याच वर्षी, १८९६मध्ये, जन्मलेल्या व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा रोख वेगळा होता: मूल एकटं काय करतं, याच्या जोडीला थोड्या मदतीने ते कुठवर जातं हेही पाहा. हो-नाहीच्या खुणेत ही दुसरी बाजू मावतच नाही.

सर्वांत जास्त गफलत आसक्तीच्या, म्हणजे बाळाच्या आईशी असलेल्या भावनिक बंधाच्या, मापनात होते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थच्या 'अनोळखी परिस्थिती' या चाचणीत सुमारे तीन-तीन मिनिटांचे आठ भाग असतात. आई बाहेर जाते, परकी व्यक्ती येते, आई परतते. गुण मुख्यतः परतण्याच्या क्षणावर असतात, रडण्यावर नव्हे. पण त्याआधी तिने युगांडात घरोघर निरीक्षण केलं होतं, आणि बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबांत वर्षभर दर तीन आठवड्यांनी सुमारे चार-चार तास बसून नोंदी घेतल्या होत्या. नंतरच्या अनेकांनी वीस मिनिटं तेवढी उचलली, घरातले तास सोडून दिले. जपानमध्ये आईपासून क्वचितच दूर राहिलेली बाळं इतकी कळवळली की त्यांची गणना असुरक्षितांत झाली. कोकणातल्या वाडीत आजी, काकी, शेजारीण यांच्या कडेवर फिरणारं बाळ आई बाहेर गेल्यावर मान वर करूनही पाहणार नाही, आणि त्याला 'आईला टाळणारं' म्हणणं चूक ठरेल.

वाडीत जाऊन बसण्याची वाट या किनाऱ्यावर आधीच पडलेली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबत होत्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्या पाड्यावरच्या अंगणात गेल्या. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, गोटे, बिया आल्या. हा शिक्षणाचा प्रयोग होता, पण मूल त्याच्या नेहमीच्या जागी, ओळखीच्या वस्तूंसह पाहायचं, हा त्यातला धडा संशोधकाच्याही कामाचा आहे.

तीच मुलं वर्षानुवर्षं पाहायची ठरवली तर इथलं पंचांग आडवं येतं. मे महिन्यात चाकरमानी आलेले, घर भरलेलं. जुलैत लावणीमुळे आई शेतात, पण पावसाळी मासेमारीबंदीत बाप घरी. पहिली फेरी मेमध्ये आणि दुसरी जुलैत घेतली, तर दिसलेला फरक वयाचा की ऋतूचा, हे सांगता येत नाही. म्हणून फेऱ्या दरवर्षी त्याच महिन्यात हव्यात. मुंबईला गेलेल्या कुटुंबांची पहिल्या फेरीतली माहितीही वेगळी काढून मागे राहिलेल्यांशी ताडून पाहावी लागते, नाहीतर सरासरी फक्त गावात उरलेल्यांची निघते.