‘लेझर प्रिंट’ म्हणजे कोणती? नाशिकमधल्या मोठ्या फोटोंची पार्श्वभूमी

‘लेझरवर काढू का?’ असं नाशिकमध्ये दुकानदाराने विचारलं, तर त्याचे निदान तीन अर्थ होतात. झेरॉक्सवाल्याचा एक, डिजिटल प्रेसवाल्याचा दुसरा, फोटो लॅबवाल्याचा तिसरा. कॅमेऱ्यातल्या फोटोची मोठी, भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट ज्याला हवी असते, त्याला बहुधा तिसरा अर्थ अपेक्षित असतो. तो चकरा मात्र पहिल्या दोन दुकानांत मारतो.

तसं छपाईचं नाशिकला अप्रूप नाही. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि रंगीत छपाई दोन्ही करून बसले होते, १९०९ साली त्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले. पण फोटो आणि छपाई हे दोन धंदे पुढे कितीतरी वर्षं वेगळेच राहिले. फोटो डार्करूममध्ये व्हायचा, छपाई प्रेसमध्ये. दोघांची गाठ पडली ती लेझरमुळे, आणि घोळही तिथेच झाला.

आपल्याकडे हा शब्द फोटोवाल्यांनी आणला नाही, डीटीपीवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्यांनी आणला. नव्वदच्या दशकात सीबीएसजवळ, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या परिसरात टाइपरायटरच्या शेजारी कॉम्प्युटर आले. लग्नपत्रिकेचा मजकूर श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ट्रेसिंगवर ‘लेझर काढायचा’ आणि तो प्रेसवाल्याला द्यायचा, अशी पद्धत होती. तो लेझर म्हणजे काळी पावडर. ड्रमवर लेझरच्या किरणाने अक्षरं उमटतात, तिथे टोनर चिकटतो, कागदावर येतो आणि गरम रुळाखाली वितळून पक्का बसतो. हे यंत्र १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन केंद्रात तयार झालं, आणि ते केंद्र फोटोकॉपीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचंच होतं. म्हणजे वंशावळ काढली तर ‘लेझर’ या शब्दावर झेरॉक्सवाल्याचा हक्क सगळ्यात जुना. पुढे रंगीत टोनर आला, १२×१८ इंचांचा जाड चकचकीत कागद आला आणि कॉलेज रोडपर्यंत डिजिटल प्रेसवाल्यांच्या ‘कलर लेझर’च्या पाट्या लागल्या. मेन्यू कार्डासाठी, सर्टिफिकेटसाठी उत्तम. फोटोसाठी काढलेली अशी प्रिंट एकदा भिंगाखाली धरून बघा. चेहऱ्याच्या जागी चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसते. कागद दुमडला तर घडीवर टोनरचे टवके उडतात आणि पांढरी रेघ उघडी पडते.

फोटो लॅबमधला लेझर हा वेगळाच प्राणी आहे. त्यात पावडर नाही, शाई नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर थेट फोटोच्या कागदावर, म्हणजे चांदीचे क्षार असलेल्या त्याच जुन्या कागदावर, चित्र उजेडाने उतरवतात. मग तो कागद पूर्वीसारखाच रसायनांतून जातो. चित्र उमटवणाऱ्या ३५ अंशांच्या डेव्हलपरमध्ये पाऊण मिनिट, पुढे ते पक्कं करणारं ब्लीच-फिक्स, मग धुणं आणि वाळवणं. डार्करूममध्ये फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचा बल्ब गेला आणि त्या जागी लेझर आला, फरक एवढाच. प्रत्येक पिक्सेलला उजेड किती द्यायचा हे कमीजास्त होत असल्याने छटा कागदातच दाट-विरळ होते. भिंग लावलं तरी जाळी सापडत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात लॅम्डा, लाइटजेट अशी मोठी यंत्रं आली. लॅम्डावर ५० इंच रुंदीचा रोल चढायचा. १९९६ साली जपानहून फ्रंटियर नावाचं यंत्र आलं आणि हेच तंत्र कोपऱ्यावरच्या मिनीलॅबमध्ये, म्हणजे छोट्या फोटो लॅबमध्ये बसेल इतकं लहान झालं.

नाशिकच्या दृष्टीने यातला कळीचा आकडा १२ इंच. मिनीलॅबमध्ये रोलची रुंदी १२ इंचांपर्यंतच जाते, लांबी मात्र पुढे सोडता येते. लग्नाच्या करिश्मा अल्बमचं (जाड पानांच्या डिजिटल अल्बमचं) ते लांबलचक १२×३६ पान कुणा कलावंताच्या डोक्यातून आलेलं नाही, ते यंत्राच्या तोंडाच्या मापाचं आहे. ज्या शहरात दर सीझनला हजारो अल्बम लागतात, तिथे लॅबवाल्याने १२ इंची यंत्रच घेतलं यात नवल नाही. पण त्यामुळे २०×३० चा ब्लोअप हवा असेल तर गावातला लेझर उपयोगाचा नव्हता. यंत्र आहे, कागद आहे, रसायन आहे, फक्त तोंड अरुंद. माझ्या मते आपल्याकडची मोठ्या प्रिंटची गाडी अडली ती इथे. पैशांमुळे किंवा आवडीमुळे अडली नाही.

२००३ च्या सिंहस्थात एका मित्राचा सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन मी रामकुंडावर संध्याकाळचे फोटो काढले. त्यातला एक मोठा करायचं ठरलं आणि सीडी खिशात घालून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. लॅबवाल्याने आठ दिवसांनी यायला सांगितलं. पुन्हा पंचवटी, आणि परतीच्या गर्दीत पुठ्ठ्याची नळी डोक्यावर धरून उभा. घरी उघडली तर घाटावरचे पिवळे दिवे गायब! यंत्राच्या ऑटो करेक्शनने तो पिवळेपणा चूक समजून धुऊन टाकला होता आणि साधूंच्या भगव्या छाट्या फिकट गुलाबी झाल्या होत्या. लॅबवाल्याचं म्हणणं, फाइलच तशी होती. त्यानंतर प्रत्येक सीडीवर मी मार्करने ‘करेक्शन नको’ असं ठळक लिहू लागलो. तरी एक टेस्ट स्ट्रिप, म्हणजे नमुन्याची छोटी पट्टी, आधी मागून घ्यावी हे शहाणपण पुढच्या दोन प्रिंटा वाया गेल्यावर आलं.

त्याच प्रिंटने दुसरा वाद माझ्यापुरता मिटवला, तो डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा. तेव्हा (आणि आजही) काउंटरवर पहिला प्रश्न असतो, ‘फाइल ३०० डीपीआय आहे ना?’ सहा मेगापिक्सेल म्हणजे साधारण ३०७२×२०४८ पिक्सेल. ३०० च्या हिशोबाने त्यातून १०×७ इंचांपेक्षा मोठं काही निघायला नको. ३० इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम १०० पिक्सेल उरतात. पण भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. तीन फुटांवरून आपला डोळा इंचाला साधारण शंभरच ठिपके वेगळे ओळखू शकतो. यंत्रविक्रेत्यांनी गोंधळात भर घातली. लाइटजेटची खरी क्षमता इंचाला सुमारे ३०० पिक्सेलांची, पण जाहिरातीत ‘४००० डीपीआयच्या तोडीची’ असं लिहिलेलं असायचं. छटा ठिपक्यांशिवाय येते म्हणून शाईवाल्यांच्या भाषेत ती ४००० इतकी होते, असा तो युक्तिवाद. अगदी खोटा नाही, पण गिऱ्हाइकाला त्यातून एवढंच कळलं की आकडा मोठा तर प्रिंट भारी. मग २०० ची फाइल फोटोशॉपमध्ये ६०० लिहून वाढवायची आणि वाढवल्याचं समाधान मानायचं, हे सर्रास सुरू झालं.

पुढची गोष्ट लवकर संपते, कारण तिसऱ्या अर्थाचा लेझर हळूहळू मागे पडला. पिगमेंट शाईचे, म्हणजे न उडणाऱ्या रंगकणांची शाई कागदावर फवारणारे रुंद इंकजेट प्रिंटर आले, ४४ इंची सुद्धा. टिकाऊपणात त्यांनी चांदीच्या कागदाला मागे टाकलं, गडद हिरवे-निळे रंगही त्यांना जास्त जमतात. रसायनं नकोत, धुण्याचं पाणी नको. मला अजूनही चेहऱ्याच्या सावल्यांत चांदीचा कागदच बरा वाटतो, पण हा माझा जुना हट्ट म्हणून सोडून द्या. खटकतं ते वेगळंच. हे इंकजेटवाले देखील पाटीवर ‘लेझर क्वालिटी’ लिहितात. २०१५ च्या सिंहस्थापर्यंत शहरभर फ्लेक्स लागले होते आणि काही ठिकाणी त्यालाही लोक लेझरच म्हणत होते. एका तपात शब्दाचं पार पीठ झालं.

चांदीच्या कागदाच्या मागे बहुतेकदा कंपनीचं नाव फिकट अक्षरात छापलेलं असतं, ओळखायची ती सोपी खूण. मी दुकानात आता ‘लेझर’ हा शब्दच काढत नाही. ‘यंत्रातून कागद धुऊन निघतो का?’ एवढंच विचारतो. गेल्या महिन्यात काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि म्हणाला, ‘नाही काका, धुवू नका, खराब होईल.’