झूम लेन्स अंतर चेपत नाही!

हिवाळा आला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवरच्या फ्लेमिंगोंचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. पक्ष्यांच्या पाठीला टॉवर अगदी खेटून उभे! कुणी लिहितं, 'दोन फोटो जोडून बनवलाय.' त्यावर जाणकार सांगतो, 'अहो, झूम लेन्स अंतर चेपते.' हे दुसरं तर कॅमेरा शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणून हा खुलासा.

लेन्स काही चेपत नाही. फरक पडतो तो आपण कुठे उभे आहोत त्याने. समजा, पक्षी 20 मीटरवर आहे आणि टॉवर 420 मीटरवर, म्हणजे 21 पट लांब. आता 380 मीटर मागे सरका. पक्षी 400, टॉवर 800, फक्त दुप्पट. साहजिकच पक्ष्यामागे टॉवर अंगावर आल्यासारखा दिसतो. झूम त्या दृश्याचा मधला तुकडा तेवढा मोठा करून देतो.

खात्री करायचीय? ठाण्याच्या तलावपाळीवर कठड्याशी उभे राहा. एक फोटो झूम न करता, दुसरा झूम करून काढा. मग पहिल्याचा मधला भाग कापून मोठा करा. जरा फुटेल, पण बांधलेली होडी आणि मागची झाडं दोन्हींत तशीच दिसतील.

गर्दीच्या फोटोंवरून माणसांना दोष देताना तर हे आठवायलाच हवं. 2020 च्या साथीत डेन्मार्कच्या छायाचित्रकारांनी तीच माणसं दोन जागांवरून टिपली होती: एकात खेटलेली, दुसऱ्यात सुटी सुटी. दोन्ही फोटो अस्सल.