चाकांच्या पोटात दडलेलं वळण

नेरळला माथेरानच्या गाडीची वाट पाहणारी मंडळी तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनापाशी हटकून फोटो काढतात. धुराडं नीट आलं पाहिजे, एवढाच आग्रह असतो. या इंजिनाची खरी करामत मात्र कुठल्याच फोटोत येत नाही. ती दोन चाकांच्या मधे, आसाच्या पोकळीत दडलेली आहे.

सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये घालून ही रेल्वे बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोचली. रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. लांबी साधारण २१ किलोमीटर, आणि तेवढ्यात चढायचं साडेसातशे मीटरहून जास्त. सगळ्यात कठीण जागी चढ १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. डोंगराच्या अंगाला चिकटून जायचं तर वळणांना पर्याय नव्हता.

आता बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाकं आसावर स्वतंत्र फिरतात. त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. रेल्वेची चाकं मात्र आसाला घट्ट बसवलेली असतात. एक फिरलं की दुसरं तेवढंच फिरणार. मग बाहेरच्या रुळाची जास्तीची लांबी भरून कशी काढायची? त्यासाठी चाकाचा पृष्ठभाग किंचित उतरता ठेवतात. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. साध्या वळणाला एवढं पुरतं.

इथे एक गमतीचं गणित आहे. गाडीने पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब भरतो? वर्तुळ लहान असो की मोठं, उत्तर एकच: रुळांमधलं अंतर गुणिले ६.२८. म्हणजे माथेरानच्या गाडीला सुमारे ३.८ मीटर, तर आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला साडेदहा. डोंगरात अरुंद रूळ का घालतात, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. पण वळण जितकं आवळलेलं, तितका हा फरक थोड्या लांबीत उरकावा लागतो. तेव्हा उतरती चाकं कमी पडतात, चाकाची कड रुळाला घासते, आणि डोंगरभर ऐकू जाणारा तो कर्कश आवाज निघतो.

इंजिनाचं दुखणं याहून मोठं. डब्याच्या चाकांना थोडं वळता येतं, पण इंजिनाची चाकं बाहेरून दांड्यांनी एकमेकांना जखडलेली असतात. समजा, पहिल्या आणि शेवटच्या आसात दोन मीटरचं अंतर आहे आणि वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. या दोन आसांच्या चाकांना रुळावर ठेवलं, तर मधल्या जागी रूळ सरळ रेषेपासून अडीच सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. अरुंद रुळाच्या माथ्यावर अडीच सेंटिमीटर म्हणजे फार झालं. दार्जिलिंगच्या प्रसिद्ध इंजिनांनी यावर सोपा तोडगा काढला होता: चाकंच चार ठेवायची. नेरळच्या इंजिनांना सहा चाकं दिली, आणि मग पेच आला.

या इंजिनांच्या रचनेमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज अभियंते होते. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे तेच. (पुढे त्यांनी विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्रीही बनवली. माणूस एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता.) इंजिनं घडवली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने. चार इंजिनं, क्रमांक ७३८ ते ७४१.

पेच सोडवणारी युक्ती क्लीन आणि लिंडनर या जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रेल्वेतल्या दोघा अभियंत्यांची. त्यांनी एका आसाचे दोन केले. आतला आस भरीव. त्याची टोकं इंजिनाच्या सांगाड्यातून बाहेर येतात आणि दांड्यांना जोडलेली असतात. त्याच्याभोवती बांगडीसारखा सैल असा पोकळ आस, आणि चाकं बसवलेली या पोकळ आसावर. आतल्या आसाच्या बरोब्बर मध्यावर एक गोलसर फुगवटा, त्यातून आरपार खिळ. आतला आस फिरला की खिळीमुळे बाहेरचाही फिरतो, पण फुगवट्यावर तो डावी-उजवीकडे कललाही जातो. आपल्या खांद्याच्या उखळीच्या सांध्यासारखंच हे. परिणाम असा की दांड्या काटकोनात, शिस्तीत फिरत राहतात आणि त्यांच्या आड पुढची-मागची चाकं रुळाप्रमाणे तोंड वळवून घेतात. मला स्वतःला ही वाफेच्या युगातली सगळ्यात चलाख यंत्ररचना वाटते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने हीच युक्ती वापरून अडीच हजारांवर छोटी इंजिनं बनवली. तोटा एकच: झिजणारा भाग नेमका आत, जिथे तेल आणि हात दोन्ही कष्टाने पोचतात.

सहा चाकांचा अट्टहास का? उत्तर चढात आहे. १:२० च्या चढावर प्रत्येक टन वजन सुमारे ५० किलोच्या जोराने मागे ओढतं. कोरड्या रुळावर इंजिनाच्या प्रत्येक टनाला साधारण २५० किलो ओढ मिळते. त्यातले ५० स्वतःला वर न्यायला गेले, उरले २००. म्हणजे इंजिनाच्या एका टनामागे फार तर चार टन गाडी. वळणातलं घर्षण धरलं तर त्याहून कमीच. रूळ ओला झाला, त्यावर पानं चिकटली आणि ओढ १०० किलोवर आली, की उरतो एक टन. म्हणून इंजिन जड हवं, ते वजन जास्त चाकांवर वाटलेलं हवं, आणि सगळं वजन वाफेने फिरणाऱ्या चाकांवरच हवं, टाकीतल्या पाण्याचंसुद्धा. चाकं घसरायला लागली, तर रुळावर वाळू सोडायची.

चढाचा आणखी एक ताप बॉयलरमध्ये असतो. तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये १:२० च्या उतारावर पाणी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त खोल असतं. भट्टीच्या छतावर पाणी राहिलं नाही, तर लोखंड तापून मऊ पडतं. त्या छतात लवकर वितळणाऱ्या धातूचं बूच बसवतात. ते वितळलं, तर वाफ भट्टीत घुसून धोक्याची वर्दी देते. अशा घाटात फायरमनचा एक डोळा सतत पाणी दाखवणाऱ्या काचेवर.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या इंजिनांची सद्दी संपली, डिझेलने तर आधीच शिरकाव केला होता. नशीब असं की ती भंगारात गेली नाहीत. नेरळच्या शेडमधली ही भावंडं आता लांब लांब पांगली आहेत. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, ७४० क्रमांकाचं इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड रेल्वेकडे. पुढे नेरळला वाफेची हौस भागवायला दार्जिलिंगचं चार चाकांचं इंजिन आणलं गेलं, हा त्यातला विनोद.

नेरळच्या इंजिनापुढे गेलात, तर बाजूने वाकून बघा. सांगाड्याची पोलादी पट्टी चाकांच्या बाहेर आहे, दांड्या त्याहून बाहेर, आणि चाकं आत अंधारात. ज्या रुळाच्या तुकड्यावर ते उभं केलंय, तो जरा वाकवला असता, तर पुढची चाकं तिरपी झालेली दिसली असती.