राणीछाप रुपया घासू नका

आमच्या देवघरातल्या वाटीत पाच राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेले चांदीचे रुपये होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी ते चिंच आणि रांगोळीनं घासून लख्ख करायची. पुढे त्यातला १८६२चा एक रुपया मी पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका जाणत्या सराफांना दाखवला. त्यांनी तो चिमटीत फक्त कडेनं धरला, दिव्याखाली तिरपा करून फिरवला आणि हळहळले. "घासलाय हो. आता चांदीच्या भावानं जाईल."

त्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी, उरलेलं मुख्यतः तांबं. शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. घासलेल्या आणि न घासलेल्या रुपयात ती जवळजवळ सारखीच असते, तरी संग्राहक दुसऱ्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजतो. हा सगळा फरक नाण्याच्या कातडीत असतो.

टांकसाळीत दोन ठशांच्या मध्ये चांदीची चकती दाबली जाते, तेव्हा धातू क्षणभर मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की या रेघांवरून प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. संग्राहक याला 'लस्टर' म्हणतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड आणि चांदी मऊ. एकदा घासलं की त्या रेघा जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे येतात. नाणं चमकतं खरं, पण ते पट्टे फिरत नाहीत. सराफांनी दिव्याखाली तेच शोधलं होतं.

आणि ज्याला आपण मळ समजून घासतो, तो बहुतेक वेळा मळ नसतोच. चांदी काळवंडते ती गंजून नव्हे, तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ असतो, तेव्हा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग दिसतात: आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळा. थर वाढला की काळा. या थरात नाण्याचीच चांदी असते, म्हणून तो खरवडताना दरवेळी थोडं नाणंही जातं. शिवाय कडेकडून आत सावकाश उतरत गेलेले रंग नाणं वर्षानुवर्षं निवांत पडून होतं हे सांगतात. जाणकार त्यांच्यासाठी वेगळी किंमत देतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

अर्थात आधी नाणं खरं हवं. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरताना मी खिशात छोटा वजनकाटा ठेवतो, पण नुसतं वजन जुळवणं सोपं असतं. घरी अधिक पक्की परीक्षा करता येते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचं. खऱ्या कलदार, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, कारण नाण्यानं तेवढं पाणी बाजूला सारलेलं असतं. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदीचा कणही नसतो. तेवढ्याच वजनाचा त्याचा तुकडा १.३ ग्रॅमच्या पुढे जातो. १९४०पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, तो रुपया १.२२च्या आसपास येतो.

सराफाच्या दुकानातलं एक्स-रे यंत्र तर क्षणात धातूचं प्रमाण सांगतं. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं कालांतरानं निघून जातं आणि वर चांदीच जास्त उरते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. कसोटीच्या दगडावर मात्र दुर्मीळ नाणं कधी घासू देऊ नका. फरशीवर आपटून खणखणीत वाजतंय का, हेही पाहू नका. कडेला खोक पडेल. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकी टिचकी पुरते.

प्रत ठरवताना झीज पाहायची ती उंच भागांवर: राणीचे केस, गाल, वस्त्रावरची नक्षी. खरा पेच असा की कधीकधी ठसाच कमी दाबानं उमटलेला असतो आणि नक्षी मुळातच पुसट असते. मग पुन्हा दिवा. पुसट जागेवरही चमक शाबूत असेल, तर तो ठशाचा दोष. चमक तिथेच मेली असेल, तर ती हाताळणीची झीज. जगभर नाण्याची प्रत सांगायला १ ते ७०चं मोजमाप वापरतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी ते १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी मांडलं होतं.

दुर्मीळपणा जुनेपणावर ठरत नाही. १८६२ हेच साल पुढे दहाहून अधिक वर्षं रुपयांवर छापलं गेलं आणि मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. ते भिंगानं मोजावे लागतात. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. १९३९चा चांदीचा रुपया तर फारच दुर्मीळ, म्हणून त्यातला शेवटचा ९ हा १९३८च्या रुपयावरचा ८ खरवडून केलेला नाही ना, हे भिंगाखाली पाहावंच लागतं.

पुण्याच्या अंकुशी रुपयाला, म्हणजे पेशवाईतल्या अंकुशाचं चिन्ह असलेल्या रुपयाला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. तो हातोड्यानं पाडलेला, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे मोगल बादशहाच्या नावाची फारसी अक्षरं अर्धीच येतात. तिथे गाल-केस नाहीत. अंकुश चकतीवर पूर्ण आलाय का, साल वाचता येतं का, यावर किंमत ठरते. बऱ्याच नाण्यांवर सराफांनी पारखताना मारलेले छोटे छापही असतात. कस कमी वाटला तर त्या नाण्याला बट्टा लागायचा, म्हणजे किंमत कापली जायची, आणि नावाला लागणारा बट्टाही तिथलाच. पुष्कळ संग्राहक हे छाप दोष धरून किंमत कमी करतात. मला ते पटत नाही. माझ्याकडच्या अंकुशी रुपयाच्या कडेशी असे तीन छाप आहेत. तिन्ही वेगवेगळे, म्हणजे माझ्याआधी निदान तिघांनी तो हातात घेऊन पारखला आणि खरा म्हणून पुढे दिला.