वेळ अमावस्या

वेळ अमावस्या : मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, घरदार कुलूपबंद करून शेतात साजरा होणारा शेतकरी कुटुंबांचा सण. दर्शवेळ अमावस्या, येळ अमावस्या, येळवस ही त्याचीच नावे. बोलताना ‘येळवस’च जास्त चालते. लातूर आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हे दोन जिल्हे, त्यांना लागून असलेले सोलापूर, बीड व नांदेड जिल्ह्यांचे काही तालुके आणि सीमेपलीकडचा बीदर-कलबुर्गीचा पट्टा एवढा त्याचा मुलूख. पुण्या-नाशिकच्या माणसाला या सणाचे नावही अनेकदा ठाऊक नसते. लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याचा माणूस मात्र दिवाळीला गावी येणे जमले नाही तर हळहळून गप्प बसतो, येळवसेला जमले नाही तर वर्षभर बोलून दाखवतो.

अमावस्या म्हटली की महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी प्रवासाला निघू नये, नवे काम काढू नये असा संकेत पाळला जातो. येथे त्याच्या नेमके उलटे घडते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते आणि दुपारी लातूर शहराच्या बाजारपेठेत चहाची टपरी उघडी सापडणे अवघड होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात वर्षाकाठी मोजक्याच स्थानिक सुट्या असतात; त्यांतली एक लातुरात या दिवसासाठी राखलेली असते. ती जाहीर झाली नसती तरी कचेऱ्यांत कोणी सापडले असते असे नाही.

नाव आणि मुलूख

‘वेळ’ या शब्दाचा घड्याळातल्या वेळेशी काही संबंध नाही. मूळ शब्द कन्नड आहे, इतपत एकमत दिसते. पुढे दोन वाटा फुटतात. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि कर्नाटकात याच तिथीला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. दुसरा उलगडा ‘एळु’ म्हणजे सात या शब्दावरून केला जातो : मृगाच्या पेरणीनंतर ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष अशी ही सातवी अमावस्या. हिशेब बरोबर जुळतो, म्हणून तो ऐकायला गोड वाटतो. पण सीमेपलीकडे नाव सरळ तिळावरून पडलेले असताना आणि सीमेच्या या बाजूला ताटात तिळाची पोळी असताना पहिला अर्थच अधिक पटण्याजोगा आहे. ‘येळ’चे ‘वेळ’ झाले ते बहुधा शुद्ध मराठी लिहिण्याच्या हौसेतून. खेड्यातला माणूस ‘वेळ’ला ‘येळ’ म्हणतोच, तेव्हा लिहिणाऱ्याने ‘येळ’ ऐकून ‘वेळ’ दुरुस्त केला असणार.

कन्नडची ही सावली अकारण पडलेली नाही. सोलापूरकडचे तालुके सोडले तर हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या भाषा एकाच बाजारात बोलल्या जात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत ते मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ साली त्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. सरहद्दी हलल्या, तरी सणाचा मुलूख जुन्या जागेवरच राहिला.

रानाची स्थिती

मार्गशीर्ष हा हेमंत ऋतूचा पहिला महिना. खरिपाची सुगी उरकलेली असते, सोयाबीन, मूग, उडीद घरात किंवा बाजारात गेलेले असतात. तूर काढणीला आलेली किंवा शेंगांनी वाकलेली असते. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई, गहू उभे असतात. पेरणी संपली, काढणी लांब आहे, राखणीपुरतेच काम आहे, अशी ही मधली फट. सगळ्या कुटुंबाला एकाच दिवशी शेतात नेऊन बसवणे इतर कोणत्या महिन्यात परवडले नसते.

तिथी चांद्र असल्याने इंग्रजी तारीख मागेपुढे होते आणि शेतकऱ्याला तो फरक कणसात दिसतो. २०२२ साली हा सण २३ डिसेंबरला आला. २०२३ मध्ये अधिक श्रावण पडल्याने पुढचा थेट ११ जानेवारी २०२४ ला गेला आणि त्यानंतरचा ३० डिसेंबर २०२४ ला आला. डिसेंबरात लवकर आलेल्या येळवसेला ज्वारी बऱ्याचदा पोटरीत (कणीस अजून पानांच्या आवरणात) किंवा नुकती निसवलेली, म्हणजे कणीस बाहेर पडलेली, असते, पोरांना हिरव्या हरभऱ्याच्या डहाळ्यांवर भागवावे लागते. जानेवारीत आली, की कणसात दाणा भरून आगटीवर, म्हणजे खड्ड्यातल्या विस्तवावर, हुरडा भाजता येतो.

भज्जी, आंबील, उंडे

सणाचा खरा पसारा आदल्या दिवशी सुरू होतो आणि तो स्वयंपाकघरात असतो. मुख्य पदार्थ भज्जी. नावावरून तळणीतली भजी डोळ्यांपुढे आणू नयेत. ही पातळसर, आंबट-तिखट, हिरवट पिवळी मिश्र भाजी असते. तुरीचे ओले दाणे, वालाचे किंवा पावट्याचे दाणे, वाटाणा, सोललेला हिरवा हरभरा, भिजवलेले शेंगदाणे आधी शिजवून घेतात. मेथी, पालक, चुका, हरभऱ्याची कोवळी भाजी, कांद्याची पात, वांगी, गाजर हे जे मिळेल ते चिरून त्यात पडते. मग आंबट ताकात कालवलेले बेसन, चिंचेचा कोळ आणि लसूण-हिरव्या मिरचीचा भरपूर ठेचा. कोणी सोळा भाज्या सांगते, कोणी अठरा. मोजून कोणी टाकत नाही. त्या आठवड्यात रानात, बांधावर आणि परसात जे हिरवे आहे त्याची यादी म्हणजे भज्जी, असे समजले तर फारसे चुकणार नाही. म्हणून दोन शेजाऱ्यांची भज्जी एका चवीची नसते, आणि एकाच घरची दोन वर्षांची तर नाहीच.

आंबील ज्वारीच्या पिठाची. पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबू देतात, मग गुठळी न होऊ देता शिजवतात. निवली की आणखी ताक, ठेचलेला लसूण, आले, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालून मातीच्या मडक्यात भरतात. मडक्यातली आंबील उन्हातही गार राहते. जेवणानंतर तिचे दोन पेले झाले की झाडाखाली डोळा लागणारच. दुपारी दोननंतर येळवसेच्या शेतात जागी असतात ती फक्त लहान मुले.

तिसरा पदार्थ उंडे. बाजरीला इकडे सजगुरा म्हणतात. या शब्दाचेही नाते कन्नड ‘सज्जे’शी आहे. सजगुऱ्याचे पीठ कढत पाण्यात मळून मुठीएवढे गोळे करतात आणि वाफवतात. गरम असताना ते मऊ लागतात, गार झाले की दगड, म्हणून खाणारा ते भज्जीत कुस्करूनच खातो. यांखेरीज गव्हाची खीर, ज्वारीचा खिचडा, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे, वांग्याचे भरीत. सगळे शाकाहारी.

या सणावर लिहिताना ‘निसर्गाच्या सान्निध्यात वनभोजन’ असे लिहून मोकळे होण्याची रीत आहे. ते वनभोजन वीस-पंचवीस माणसांचे असते आणि बहुतेक घरी ते पहाटे दोन-तीनला उठून दोन-तीन बायका रांधतात. दाणे सोलायला मात्र आदल्या रात्री घरातले सगळे बसतात. शेंगांचा ढीग मधे, भोवती आजी, सुना, माहेरी आलेल्या लेकी, टीव्हीपुढून उठवून आणलेली मुले. गप्पांत अर्धे दाणे तोंडात जातात आणि टरफलांची पाटी सकाळी गोठ्यात रिकामी होते.

कोप आणि पाच पांडव

शेतात पूजा होते ती कोपीची. कडब्याच्या पाच पेंढ्या बुडे फाकवून, शेंडे एकत्र बांधून उभ्या केल्या की गुडघ्याच्या वर येईल अशी खोपी तयार होते, हीच कोप. तिच्यावर शाल किंवा नवे लुगडे पांघरतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून, काव लावून ओळीने मांडलेले असतात, ते पाच पांडव. जवळ लक्ष्मीचे स्थान. पांडवांचा शेतीशी काय संबंध, असे विचारले तर ‘वनवासात ते रानातच होते की’ हे ठरलेले उत्तर मिळते. रानात मांडलेल्या पाच दगडांना पांडव म्हणण्याची पद्धत महाराष्ट्रात इतरत्रही आहे, तेव्हा महाभारत येथे मागाहून येऊन बसले असावे आणि पूजा मूळची रानाची व पिकाची असावी, असे म्हणायला जागा आहे.

हळदी-कुंकू, ओटी, नैवेद्य हा क्रम कोणत्याही पूजेसारखाच. वेगळे आहे ते पुढचे. घरातला एक जण खांद्यावर घोंगडी घेऊन आंबिलाचे मडके उचलतो, दुसरा त्यात डहाळी बुडवून पिकावर शिंतोडे उडवत पुढे चालतो आणि मागून पोरेबाळे ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असा गजर करतात. यालाच चर शिंपणे म्हणतात. या शब्दांचा अर्थ ओरडणाऱ्यांपैकी कोणालाही सांगता येत नाही आणि गावागणिक अक्षरे बदलतात. उत्तर कर्नाटकात हाच विधी ‘चरग’ या नावाने होतो आणि तेथे ‘हुलिग्यो हुलिग्यो’ असा याच वळणाचा घोष असतो. मराठी कानांनी ऐकून ऐकून त्याचे ‘ओलगे’ झाले असावे.

शिंपण झाल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, हा दंडक. आणि जेवताना बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायचीच, हा दुसरा. ज्याला शेत नाही तो कोणाच्या तरी शेतात असतोच : शाळेतले मास्तर, बँकेतला बदलून आलेला कारकून, दवाखान्यातले डॉक्टर, भाडेकरू. शेत असलेली मुस्लिम कुटुंबेही मित्रमंडळींना रानात बोलावतात. लोकप्रिय माणसाची पंचाईत होते. चार शेतांतून निमंत्रण, प्रत्येक ठिकाणी ‘घासभर तरी’ खाण्याचा आग्रह आणि प्रत्येक ठिकाणी आंबिलाचा पेला. त्यातही कोणाकडे आधी गेलास यावरून रुसवे होतात.

दिवस मावळताना हेंडगा निघतो. वाळलेले गवत किंवा कडबा घट्ट आवळून केलेली ही मशाल पेटवून पिकाभोवती फिरवतात; काही गावांत तरुण पोरे ती घेऊन गावाकडे धावत येतात. हेंडग्याच्या धुराने कीड पळते, असे जुनी माणसे सांगतात. एका मशालीच्या धुराने किती घाटेअळी पळणार हा भाग निराळा, पण थंडीच्या काळोखात चहूकडच्या शिवारांत एकाच वेळी हलणारे ठिपके ज्याने पाहिले आहेत तो या मुद्द्यावर वाद घालत नाही.

बदल

छकड्याला झूल घातलेले बैल जुंपून, गाडीवर तट्ट्या टाकून शेतात जाण्याचे वर्णन आता आठवणींत सापडते. ट्रॅक्टरची ट्रॉली, मोटारसायकल, जीप हेच आजचे वाहन. मडक्याची जागा काही घरांत स्टीलच्या कळशीने घेतली आणि आंबिलाचे आंबणे शिस्तीत होईना, अशी तक्रार ऐकू येते.

मोठा बदल पिकांचा आहे. या भागात खरिपावर सोयाबीनचा कब्जा झाला आणि त्यामागून रब्बीत बऱ्याच रानांत हरभरा आला. पाणी असेल तेथे ऊस. ज्वारी मागे हटली. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेले मालदांडी ३५-१ हे वाण अजून घरच्या भाकरीसाठी आणि कडब्यासाठी पेरले जाते, पण ज्वारीच्या रानात करडईची, जवसाची एखादी ओळ, बांधाला वाल, तुरीत घेवडा अशी मिसळ कमी झाली. परिणाम थेट सणावर होतो. ज्याच्या शेतात नुसता ऊस आहे त्याला कोपीसाठी पाच पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात, आणि भज्जीच्या दाण्यांसाठी आदल्या दिवशी भाजी मंडईत उभे राहावे लागते. त्या दिवशी ओल्या शेंगांचे आणि चुक्याचे भाव चढलेले असतात. ज्यांचे रान, त्यांनीच रानातला जिन्नस विकत घ्यायचा.

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्यांना ही तिथी अडचणीची, कारण तेथे सुटी नसते. काही जण रजा काढून रात्रीच्या गाडीने येतात. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पिशवीतून डब्यात भज्जी पोहोचते. मुरलेली भज्जी ताजीपेक्षा चांगली लागते, असे खाणारे सांगतात, आणि त्यात नुसते समाधान मानणे नाही. रात्रीतून चिंच आणि ताक दाण्यांत उतरलेले असते.

पूजा झाल्यावर कोपीचा कडबा दोन-चार दिवसांत जनावरांपुढे पडतो. पांडवांना कोणी हलवत नाही. उन्हाळ्यात चुना पोपडे धरून गळतो, पावसाळ्यात गवत चढते, आणि पुढच्या मार्गशीर्षात कोणीतरी चुन्याची बादली घेऊन बांधावर येते तेव्हा पाचवा दगड शोधायला पोरांना खाली वाकावे लागते.