ऊस ट्रॉली

ऊस ट्रॉली : फडात तोडलेला ऊस साखर कारखान्यापर्यंत नेण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडायचे मालवाहू वाहन. सोलापूर जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत माळशिरस, माढा, पंढरपूर, करमाळा, मोहोळ या तालुक्यांत रात्रंदिवस ट्रॉल्यांची ये-जा असते. जिल्हा अवर्षणप्रवण; तरी नीरेच्या कालव्यांनी आणि पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इथे ऊस पसरवला. माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकातला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव आधी घेतले जाते.

तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर दोन्ही झपाट्याने उतरतात, म्हणून २४ तासांच्या आत गाळप व्हावे असा प्रयत्न असतो. वाटेत एक ट्रॉली बसली की शेतकरी, वाहतूकदार आणि तोडणी टोळी अशा तिघांचे नुकसान होते.

निवड. बैलगाडी आणि एका एक्सलचे जुगाड जवळच्या खेपांना पुरते. लांबच्या फडासाठी मात्र एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडण्याची पद्धत रूढ आहे. दोन्ही मिळून २० टनांच्या आसपास ऊस जातो. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवाटे (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यावाटे) ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे चाकांना पकड मिळते, पण भार मागे कलला तर दांडी उचलली जाते आणि पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टेअरिंग लागत नाही. चारचाकी ट्रॉली पुढच्या टर्न टेबलवर, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या फिरत्या चकतीवर, वळते आणि आपला भार आपणच पेलते. रिव्हर्सला मात्र ती चांगल्या चालकाचीही परीक्षा पाहते.

टेंभुर्णी, अकलूज, पंढरपूर, मोहोळ अशा गावांतल्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या बांधल्या जातात. घेणारा बहुधा टायर आणि रंग पाहतो. पाहायला हवी ती चासी: चॅनल किती जाड, जोडावरचा वेल्ड सलग आहे की टाके मारले आहेत, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) शॅकलला, म्हणजे टोकाच्या कडीला, ग्रीसची जागा आहे का. टायर बहुधा ७.५०-१६ किंवा ९.००-१६ मापाचे असतात. रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) टायर स्वस्त पडतात, पण भरल्या ट्रॉलीखाली फुटले की खेप रस्त्यातच उतरवावी लागते. वाहतुकीचा पैसा उसाच्या निव्वळ टनावर आणि अंतरावर मिळतो. त्यामुळे विनाकारण जाड पत्रा मारून रिकामी ट्रॉली जड करणे म्हणजे हंगामभर लोखंड फिरवण्यासाठी डिझेल जाळणे. लोखंड चासीत आणि एक्सलमध्ये घालावे, साट्यात (माल ठेवायच्या तळात) वाचवावे.

भरणी. ट्रॉलीची उंची ठरवताना जिचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, ती व्यक्ती खरेदीच्या वेळी हजरच नसते. मोळ्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून चढणाऱ्यांत टोळीतल्या बायका असतात, आणि ट्रॉली निम्म्यावर भरली की तीच फळी आणखी उभी होते. साटा वीतभर खाली असला तर दिवसभरात शेकडो चढांचा त्रास कमी होतो. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात आणि ती ट्रॉलीच्या कडेला हुकाने अडकावी. नुसती टेकवलेली फळी ओल्या पाचटावर सरकते.

भरण्याआधी साट्यावर वायर रोप आडवे अंथरतात आणि त्यांवर मोळ्या रचतात. कारखान्यात गव्हाणीशी (ऊस गाळपासाठी टाकायच्या जागी) अनलोडरच्या, म्हणजे माल उतरवणाऱ्या यंत्राच्या, हुकात रोपांची टोके अडकवून माल उचलला जातो. आत बाहेर आलेला वेल्ड किंवा वाकलेला खुंट असेल तर रोप तिथेच गुंततो आणि यार्डातली मागची सगळी रांग खोळंबते. रोपाच्या तारा तुटून काटे निघू लागले की तो बदलावा, गाठ मारून चालवू नये.

बंदिस्त ट्रॉली. हार्वेस्टरने ऊस तोडला की मोळी राहत नाही, हातभरापेक्षा लहान कांड्या होतात. त्यांना चारही बाजूंनी पत्र्याची किंवा जाळीची भिंत लागते. जाळी बरी: वजन कमी आणि आत वारा खेळतो. कांड्यांना कापलेली तोंडे जास्त असल्याने त्या अखंड उसापेक्षा लवकर खराब होतात. म्हणून असा माल यार्डात उभा ठेवणे परवडत नाही. रिकामी करण्यासाठी एका बाजूची भिंत बिजागरीवर उघडणारी असावी लागते. ती बंद ठेवणारी खिटी दुहेरी हवी, कारण गतिरोधकावर एक खिटी उडाली तर कांड्या सगळ्या रस्त्यावर पसरतात आणि दुचाकीस्वार घसरतात.

सुरक्षा. ट्रॉलीवर सर्वांत कमी खर्च होतो तो तिच्या मागच्या बाजूवर. नियमाप्रमाणे पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागते. पण उसाचे शेंडे (वाढे) फाळक्याच्या, म्हणजे मागच्या फळीच्या, बाहेर हात-दोन हात लोंबतात आणि पट्टी, दिवा, नंबर प्लेट सगळे झाकून टाकतात. म्हणून कापडी रिफ्लेक्टर वाढ्यांच्याही बाहेर, भरलेल्या उसावर बांधायचा असतो. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना. हंगामाच्या तोंडावर पोलीस, परिवहन कार्यालये आणि कारखाने असे रिफ्लेक्टर बसवतात. धुळीने काळे पडलेले रिफ्लेक्टर दर खेपेला पुसण्याचे काम मात्र चालकाचेच.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरने थांबवायचा असल्याने उतारावर गिअर काढणे हा जिवाशी खेळ आहे. दांडीच्या पिनेला खिळा किंवा तार घालून भागवू नये. स्प्रिंगची क्लिप आणि सोबत साखळी हवी. बिघडलेल्या ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावतात आणि दुरुस्ती झाली की ते तिथेच सोडून जातात. त्या दगडांवर रात्री दुचाक्या आदळतात. दोन लाकडी ठोकळे साट्याखाली कडीला कायम अडकवलेले असावेत. मोठ्या आवाजात टेप लावला की मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही. आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास हंगामाची सुरुवात आणि पंढरपूरला पायी निघालेल्या दिंड्या एकाच रस्त्यावर येतात, त्या दिवसांत यातली कुठलीही हयगय माणसाच्या जिवावर बेतते.

मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीची गणनाही मोटार वाहनातच होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

हंगामानंतर. उन्हाळ्यात याच ट्रॉल्या शेणखत, मुरूम, कडबा वाहतात. आषाढीला पाइपच्या कमानींवर ताडपत्री ताणून दिंडीचे सामान नेतात. दसऱ्याआधी हब उघडून बेअरिंग धुणे, ग्रीस भरणे, पाट्यांचे यू-बोल्ट आवळणे आणि वायरिंग तपासणे ही कामे उरकावीत, कारण मोळी पडल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, ट्रॉलीला वर्कशॉपमध्ये उभे राहायला सवड नसते.